'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' (१९४६) : शेवट एवढा गोड करायलाच हवा होता का?

उंबरकर

या सिनेमाचे पहिले अडीच तास मला शंभर टक्के मान्य आहेत. शेवटची वीसेक मिनिटं पचत नाहीत. त्यावर जरा भांडण व्हावं म्हणून धागा काढतोय. कथा पूर्ण फुटणार आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. तिघं जण बून सिटी नावाच्या (काल्पनिक) अमेरिकन शहरात घरी परततायत. फ्रेड हवाई दलातला कॅप्टन, बी-१७ विमानाच्या नाकात बसून नेम धरून बॉम्ब सोडणारा. अ‍ॅल पायदळातला सार्जंट, पॅसिफिकमधून आलेला. होमर नौदलातला साधा खलाशी, दोन्ही हात गेलेत, त्या जागी पोलादी आकडे. सुरुवातीलाच विमानतळावर फ्रेडला जागा मिळत नाही आणि त्याच काउंटरवर गोल्फच्या काठ्या घेऊन आलेला एक गृहस्थ जादा सामानाचे पैसे फेकून आरामात निघून जातो. पुढे काय वाढून ठेवलंय ते दिग्दर्शक विल्यम वायलरने तिथेच सांगून टाकलंय.

घरी पोचल्यावर कळतं की अ‍ॅल बँकेतला बडा अधिकारी, झकपक फ्लॅट, सुंदर बायको. आणि कॅप्टनसाहेब? रेल्वे रुळांशेजारच्या खोपटातले. युद्धाआधी औषधांच्या दुकानात आइस्क्रीम-सोडा विकायचे. फ्रेड परत त्याच दुकानात जातो, आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर. जो पोरगा पूर्वी याच्या हाताखाली होता तो आता याचा साहेब. 'बॉम्ब टाकण्याचा अनुभव' या रकान्याला नागरी जगात काही किंमत नाही.

हे सगळं इतकं निर्दय, इतकं खरं. आणि मग? फ्रेडला नोकरी मिळते. बायको स्वतःच सोडून जाते, त्यामुळे आवडती मुलगीही (अ‍ॅलची पोरगी पेगी) मिळते. होमरचं लग्न लागतं. अ‍ॅलची नोकरी शाबूत. प्रेक्षक डोळे पुसत घरी. ऑस्करवाले खूश, सात पुरस्कार. माझा प्रश्न असा, की वायलर शेवटी घाबरला का?

खडूस

जवळजवळ तीन तासांचा सिनेमा. घाबरला नसेल, दमला असेल.

तिसरी_घंटा

धागा काढल्याबद्दल आभार. मतभेद नंतर, आधी एक प्रसंग. तुम्ही त्याला हातच लावला नाहीत, म्हणून थोडा रागही आहे.

होमरचा काका बुच, त्याच्या बारमधला प्रसंग. अ‍ॅलने फ्रेडला बोलावून सांगितलंय, माझ्या मुलीचा नाद सोड. फ्रेड उठतो आणि तिला फोन करायला बारच्या पार पलीकडच्या टोकाला, दाराजवळच्या फोनच्या खोक्यात जातो. इकडे आपल्या अगदी समोर पियानो, त्यावर बुच आणि होमर मिळून वाजवतायत, होमर आकड्यांनी. अ‍ॅल पियानोला टेकून कौतुकाने बघतोय. एकाच चौकटीत दोन्ही गोष्टी आणि दोन्ही स्पष्ट. आपल्याला फोनवरचा एक शब्द ऐकू येत नाही. फ्रेड अंगठ्याएवढा दिसतो. पण अ‍ॅलची नजर अधूनमधून तिकडे वळते आणि तिच्या मागोमाग आपलीही. प्रेमभंगाचा प्रसंग, एकही क्लोज-अप नाही!

कॅमेरा ग्रेग टोलंडचा. 'सिटिझन केन'वाला तोच. आंद्रे बाझँसारख्या समीक्षकाने या बारच्या प्रसंगावर सविस्तर लिहिलंय, ते उगाच नाही. दिग्दर्शक तुमचं डोकं धरून 'इकडे बघ' म्हणत नाही. बघायचं तर बघा.

आणि म्हणूनच उंबरकर, जो माणूस दोन तास प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकतो त्याने शेवटी घाबरून तोंडात साखर कोंबली हे मला पटत नाही. लग्नाचा प्रसंग पुन्हा बघा. समोर होमर अंगठी चढवतोय, पण फ्रेड आणि पेगी चौकटीच्या दोन टोकांना उभे राहून कोणाकडे बघतायत?

चकली

+१ बारच्या प्रसंगाला. मला मात्र अ‍ॅल घरी येतो तो प्रसंग जास्त आवडतो. बेल वाजते, पोरं दार उघडतात, हा त्यांच्या तोंडावर हात ठेवतो. त्याची बायको मिली आत काम करतेय, विचारते कोण आलंय, आणि मध्येच थांबते. पाठमोरी आहे. तिला कळतं. ती लांबलचक बोळवजा जागा, त्या टोकाला ती, या टोकाला तो.

माझे मिस्टर सैन्यात होते. सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस सण, आणि तिसऱ्या दिवसापासून घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण तेच कळेनासं व्हायचं. डबे कुठे ठेवलेत ते त्यांना माहीत नसायचं आणि मला विचारलेलं आवडायचं नाही. मुलगा परवानगी माझ्याकडे मागायचा, त्यांच्यासमोर. अ‍ॅल पहिल्याच रात्री बायको-मुलीला घेऊन बार पालथे घालत सुटतो ना, घरात बसवत नाही त्याला, ते बघून मी एकटीच हसले होते.

मिली झालेल्या मर्ना लॉयला ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं, त्याचा राग अजून आहे. बँकेच्या मेजवानीत नवरा किती प्याला ते ती काट्याने टेबलक्लॉथवर रेघा ओढून मोजते. तोंडावर हसू तसंच.

पावशेर

रॉब कुठे गेला? अ‍ॅलचा मुलगा. बापाने जपानी तलवार आणून दिली तर तो हिरोशिमाच्या किरणोत्सर्गाबद्दल विचारतो, आमचे सर असं म्हणतात वगैरे. बापाचा चेहरा पडतो. सिनेमातला सगळ्यात पुढचं बघणारा माणूस. आणि मग जो गायब होतो तो दिसतच नाही. लग्नालाही नाही.

खडूस

क्लास असेल.

चकली

@पावशेर, खरंच की! इतक्यांदा पाहिला, कधी लक्षात आलं नाही. आई म्हणून लाज वाटतेय.

साताऱ्याचा_सुभाष

मी सिनेमातलं तंत्र वगैरे जाणत नाही. फ्रेड आणि अ‍ॅलच्या हुद्द्याची जी उलटापालट उंबरकरांनी सांगितली त्यावर लिहितो.

आमचे आप्पा हवालदार म्हणून निवृत्त झाले. चाळिशीही उलटली नव्हती. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात, जवळच आपशिंगे, त्याला मिलिटरी आपशिंगेच म्हणतात. गावात आप्पांना सगळे 'हवालदारसाहेब' म्हणायचे. शेती दीड एकर, तीही भावकीत अडकलेली. म्हणून पुण्यात एका बँकेच्या दारावर बंदूकवाले म्हणून लागले. ती नोकरी मिळाली म्हणून घरात पेढे वाटले होते. कारण बाकीच्या दोस्तांना बिल्डिंगच्या गेटवर वही घेऊन बसावं लागत होतं.

आप्पा तो गणवेश स्वतः इस्त्री करायचे. बाहीची घडी अशी की बोट कापेल. पट्ट्याचं बक्कल ब्रासोने. शाखेत नवा साहेब आला, कॉलेजातनं नुकताच सुटलेला, आप्पांनी टाच आपटून कडक सलाम ठोकला. तो पोरगा दचकला आणि म्हणाला, "काका, असं नका करू, लोक बघतात." आप्पांनी हे घरी येऊन सांगितलं आणि जेवले नाहीत. आईला वाटलं साहेब रागावला. आप्पा म्हणाले, रागावला असता तर बरं झालं असतं.

फ्रेडचे वडील मुलाचं मानपत्र वाचतात त्या प्रसंगाला मला पुढचं दिसेना. मुलगा गाव सोडून निघालाय, जाताना ती पाकिटं 'काही कामाची नाहीत' म्हणून टाकून गेलाय, आणि म्हातारा त्या खोपटात मोठ्याने वाचतोय, आकाशात काय काय केलं पोराने. वाचताना आवाज फुटतो त्याचा. आमच्या घरी असंच एक पत्र पत्र्याच्या पेटीत आहे.

शेवट गोड का कडू ते तुम्ही ठरवा. फ्रेडला नोकरी मिळाली त्याचं मला बरं वाटलं.

मृदगंध

सुभाषदादा, काय लिहिलंय हो. 'रागावला असता तर बरं झालं असतं' हे वाचून थांबले.

तारणहार

मी बँकेतून निवृत्त. आयुष्य कृषी कर्जात गेलं, त्यामुळे अ‍ॅलच्या टेबलावर मी बसलेलो आहे असं समजा.

नोव्हाक नावाचा माजी सैनिक शेत घ्यायला कर्ज मागायला येतो. तारण शून्य. अ‍ॅल त्याचे हात बघतो आणि कर्ज देतो. वरचा साहेब गोड बोलून कान उपटतो. मग मेजवानीत अ‍ॅल पिऊन भाषण ठोकतो. त्याचा मथितार्थ असा, की मला मेजरने टेकडी घ्यायला सांगितली, मी म्हटलं तारण काय देता? तारण नाही तर टेकडी नाही. म्हणून टेकडी घेतली नाही आणि युद्ध हरलो! हा प्रसंग आमच्या प्रशिक्षण वर्गात दाखवायला हवा होता, दाखवायचे भलतेच काहीतरी.

पण एक तांत्रिक मुद्दा. जून १९४४ मध्ये अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी जो जी. आय. कायदा केला त्यात घर, शेत, धंदा यांच्या कर्जाला सरकारची हमी होती, पूर्ण रकमेची नव्हे, अर्ध्यापर्यंत आणि त्यालाही वर मर्यादा. म्हणजे 'तारण नाही' हे अर्धसत्य. उरलेल्या अर्ध्यासाठी बँक कुरकुरत होती. हे मी ओळखतो. आमच्याकडेही योजना वरून यायची, हमी वरून यायची आणि फायलीवर सही करायच्या वेळी सगळ्यांचे पेन सुकायचे. माजी सैनिकाच्या कुक्कुटपालनाचा प्रस्ताव माझ्यासमोर आला तेव्हा वरून विचारणा झाली, 'अर्जदारास कोंबड्यांचा पूर्वानुभव आहे काय?' मी उत्तर लिहिलं, 'नाही, परंतु शत्रूचा आहे.' कर्ज मंजूर झालं, मला मेमो मिळाला. कर्ज फिटलं हेही सांगून ठेवतो.

उंबरकर म्हणतात अ‍ॅलची नोकरी शाबूत राहते. राहते खरी. पण त्या भाषणानंतर त्याची पुढची प्रत्येक फाईल कशी तपासली जाणार आहे ते मला माहीत आहे. सिनेमा ते दाखवत नाही, कारण त्यावर सिनेमा होत नाही.

पावशेर

'परंतु शत्रूचा आहे' 😂😂 तारणहार काका, यावर वेगळा धागा पाहिजे.

एडिसनकर

जी. आय. कायद्याबद्दल थोडी भर घालते. बेकारीभत्ता आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. शिवाय कॉलेजची फी आणि वर निर्वाहखर्च. १९४७ मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे हे युद्धावरून आलेले होते. इथल्या, अमेरिकेतल्या, मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यावर उभ्या राहिल्या. मग प्रश्न असा पडतो की बून सिटीतल्या तिघांपैकी एकही कॉलेजचं नाव का घेत नाही? फ्रेडने घ्यायला हवं होतं.

दुसरं. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा होता, पण राबवायचा होता स्थानिक बँकांनी आणि स्थानिक कचेऱ्यांनी. काळ्या सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, कर्ज आणि प्रवेश नाकारले गेले ते असे, कायदा न मोडता. सिनेमात काळे सैनिक पार्श्वभूमीला तेवढे दिसतात. अ‍ॅलच्या टेबलासमोर नोव्हाकऐवजी तसा एखादा आला असता तर हात बघून कर्ज मिळालं असतं का? उंबरकरांना शेवट गोड वाटतो, मला सुरुवातच निवडून-पाखडून घेतलेली वाटते.

आणि एवढं असूनही हा सिनेमा काहींना 'डावा' वाटला! बँकरला वाईट दाखवलं म्हणून. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी सुरू झाली तेव्हा वायलरने रेडिओवर जाहीर सांगितलं होतं की आज मला हा सिनेमा असा करू देणार नाहीत.

खडूस

म्हणजे घाबरणारा नव्हता. उंबरकर, एक गुण गेला.

उंबरकर

@खडूस, गुण मोजायला तुम्ही मिलीचा काटा घेतलाय काय.

@तिसरी_घंटा, लग्नात फ्रेड-पेगी एकमेकांकडे बघतात हे मान्य. तेच तर म्हणतोय! होमरच्या लग्नाचे मंत्र यांच्या कानावर पडतायत आणि कॅमेरा सुचवतोय, बघा, यांचंही जमलं. एका लग्नात दोन लग्नं उरकली.

@तारणहार काका, दंडवत.

@एडिसनकर, हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या तक्रारीच्या विरुद्ध नाही, बाजूचाच आहे.

मृदगंध

कोणीच मारीबद्दल बोलत नाहीये, म्हणून मी बोलते.

फ्रेडची बायको. काम व्हर्जिनिया मेयोचं. सगळे तिला सरळ खलनायिका करून मोकळे होतात. ती काय करते? फ्रेडशी ओळख झाल्या झाल्या लग्न, लगेच तो युद्धावर. हिने नाइटक्लबमध्ये नोकरी धरली, स्वतःची खोली घेतली, स्वतःचे पैसे कमावले. नवरा परत येतो तो रात्री ओरडत उठणारा, खिसा रिकामा, नोकरीवर मारामारी करून आलेला. ही म्हणते, विसर की ते सगळं. तिला गणवेशातला नवरा हवा असतो हे उथळ आहे, मान्य. पण ज्याच्याशी लग्न केलं तो गणवेशातच होता ना? दुसरा तिला कधी भेटलाच नव्हता.

त्याउलट पेगी. बापाचा फ्लॅट, स्वयंपाकाला आई. फ्रेड झोपेत त्या जळणाऱ्या विमानातल्या मित्राला हाका मारतो तेव्हा त्याला शांत करायला पेगीला जमतं, कारण ती हॉस्पिटलात काम करते आणि एका रात्रीचाच प्रश्न आहे. मारीला रोजच्या रात्री होत्या.

उंबरकर, तुम्हाला शेवट गोड वाटतो तो मारीच्या जिवावर गोड केलाय. तिला वाईट ठरवलं नसतं तर फ्रेडला पेगी मिळाली नसती, लोकांनी मिळू दिली नसती.

चकली

मृदगंध, मारीची बाजू पटली, पेगीवर मात्र अन्याय करतेस. आठव, पेगी आईबापांना सुनावते की तुम्हाला काय कळणार, तुमचं सगळं पहिल्यापासून सुरळीत. त्यावर मिली नवऱ्याकडे बघत शांतपणे म्हणते, किती वेळा आपण एकमेकांचा तिरस्कार करतो असं बोललो, आणि मनापासून बोललो, किती वेळा नव्याने प्रेमात पडावं लागलं. पेगी गप्प होते. तिला काही माहीत नाही हे सिनेमालाही माहीत आहे.

खडकीकर

होमर झालेल्या हॅरल्ड रसेलबद्दल धागा इतका पुढे येऊनही कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. मी कृत्रिम अवयवांच्या कामातला माणूस आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

रसेल नट नव्हता. सैन्यात प्रशिक्षक होता. ६ जून १९४४, म्हणजे तिकडे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, हा नॉर्थ कॅरोलायनातल्या तळावर शिकवत असताना सदोष फ्यूजमुळे टीएनटी हातात फुटलं. युद्धभूमी बघितलीच नाही. सैन्याने जखमींच्या पुनर्वसनावर एक छोटा माहितीपट केला होता, त्यात वायलरने त्याला पाहिलं. मूळ कथा मॅकिन्ले कँटरची, मुक्तछंदात लिहिलेली, तीत होमरला हात आहेत, पण मेंदूच्या दुखापतीमुळे अंगावर ताबा नाही. तसं काम नटाकडून खोटं वाटेल म्हणून पात्रच बदललं. निर्माता गोल्डविनने रसेलला अभिनयाच्या शिकवणीला धाडलं तर वायलर भडकला होता.

आता आकडे. लोक आकड्यांकडे बघतात, तुम्ही पुढच्या वेळी त्याचे खांदे बघा. आकड्याचे दोन पाते, ते रबरबँडने मिटलेले असतात. उघडायचे तर पाठीवरून गेलेल्या पट्ट्याला दोरी जोडलेली असते, ती खांदा पुढे ढकलून ताणायची. म्हणजे काडी पेटवताना किंवा सही करताना आधी खांदा किंचित हलतो, मग आकडा उघडतो. पकडीचा जोर रबराचा, माणसाचा नाही. माणसाच्या हातात फक्त सोडणं असतं. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिले काही आठवडे तो वस्तू पकडायला शिकत नाही, सोडायला शिकतो. रसेलचं सहज चाललेलं बघताना त्यामागची मेहनत आम्हाला दिसते.

म्हणूनच रात्रीच्या प्रसंगात होमर त्याच्या प्रेयसीला, विल्माला, खोलीत बोलावून पट्टा उतरवून दाखवतो ते मला सगळ्यात मोठं वाटतं. आकडे असेपर्यंत तो सिगारेट पेटवतो, पियानो वाजवतो. पट्टा निघाला की पायजम्याच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत, दार लागलं तर उघडता येत नाही. हे तो सांगतो, कुरकुर न करता. आणि ती बटणं लावते. रडारड नाही.

त्याला त्या भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले. एकाच भूमिकेला दोन, असं दुसरं उदाहरण नाही. स्पर्धेत जिंकणार नाही असं वाटून अकादमीने आधीच एक मानाचं देऊन ठेवलं होतं, आणि मग तो जिंकलाही. पुढे आयुष्यभर अपंग सैनिकांच्या रोजगारासाठी काम केलं. १९९२ मध्ये त्यातलं एक ऑस्कर लिलावात विकलं, ६०,५०० डॉलरला, बायकोच्या औषधपाण्यासाठी. अकादमीने नापसंती दाखवली. उंबरकर, गोड शेवट हवा होता ना, हा घ्या शेवट.

अवांतर : पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्रही १९४४ चंच.

साताऱ्याचा_सुभाष

खडकीकर साहेब, पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तुमच्याकडचेच ना? १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं. १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. देशाचं तिथलं पहिलं.

खडकीकर

हो, आणि सैन्यानंतर टेल्कोत नोकरी केली, हेही सांगायला हवं. पदक लोकांना आठवतं, नोकरी आठवत नाही. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

माणगावकर

आमच्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्री, इटली, १० जुलै १९४४, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पुतळ्यासमोर वर्षातून एकदा कार्यक्रम होतो, भाषणं होतात.

माझे आजोबा त्याच इटलीतून जिवंत परत आले. म्हणून त्यांचा कार्यक्रम नाही. :) १९४६ ला घरी. म्हणजे हा सिनेमा तिकडे लागला तेव्हा ते इकडे शेतात राबत होते. ना कर्ज, ना कॉलेज. ज्या सरकारसाठी लढले तेच वर्षभरात चंबूगबाळं आवरून निघालं, आणि नव्या सरकारला या युद्धाचं काय करावं कळत नव्हतं. गावात लोक म्हणायचे गोऱ्यासाठी मरायला गेला होता. तुरुंगात जाऊन आलेल्यांना हार, यांना नाही. आजोबा वाद घालायचे नाहीत. सिनेमात दुकानातला तो गिऱ्हाईक होमरला म्हणतो ना, तुम्ही चुकीच्या लोकांशी लढलात, फुकट हात गेले. आणि होमर त्याच्या कोटावरचा बिल्ला उपटतो, फ्रेड ठोसा लगावतो. आजोबांना कोणी फ्रेड भेटला नाही.

दिवाळीत फटाके सुरू झाले की ते गोठ्यात जाऊन बसायचे. आम्ही पोरं समजायचो की बैल बुजतात म्हणून आजोबा सोबतीला गेलेत.

मृदगंध

माणगावकर 🙏

पावशेर

धागा फारच गंभीर झाला. कोणी कपड्यांबद्दल बोला. वायलरने नटांना सांगितलं होतं म्हणे की दुकानातून तयार कपडे विकत घ्या आणि चित्रीकरणाआधी वापरून जुने करा. आमच्याकडे हिंदी सिनेमात शेतमजुराच्या धोतराला परीटघडी असते.

तिसरी_घंटा

खरं आहे, आणि घरांचे सेटही मुद्दाम खऱ्या खोल्यांच्या मापाचे बांधले होते, स्टुडिओतल्या ऐसपैस नव्हेत. म्हणून त्या घरांत परत आलेली माणसं मावत नाहीत असं वाटत राहतं.

पण मूळ प्रश्नाकडे येऊ. उंबरकर, तुम्ही भंगारातल्या विमानांचा प्रसंग सोडून शेवटाबद्दल बोलूच शकत नाही. तो माझ्या मते खरा शेवट. फ्रेड गाव सोडायला विमानतळावर आलाय, वेळ आहे म्हणून भटकतो. रांगाच्या रांगा, मोडीत काढलेली शेकडो बॉम्बफेकी विमानं. हे सेट नाहीत, कॅलिफोर्नियात ऑन्टारिओला खरीच उभी होती. तो एका बी-१७ मध्ये चढतो, नाकातल्या आपल्या जुन्या जागी जाऊन बसतो. कॅमेरा बाहेरून एकेक इंजिनाच्या जागेवरून सरकतो. इंजिनं काढून नेलीत, पण ह्यूगो फ्रीडहोफरचं संगीत एकेक इंजिन सुरू झाल्यासारखं चढत जातं. काचेमागे घामेजलेला चेहरा. वायलर स्वतः युद्धात अशा विमानांतून माहितीपट चित्रित करत फिरला होता, त्यात एका कानाचं ऐकणं गेलं. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

उंबरकर

तो प्रसंग सोडलेला नाही, राखून ठेवला होता.

मुकादम खालून ओरडतो, फ्रेड भानावर येतो. विमानं फोडून त्याची घरं बांधायचं काम चाललंय असं मुकादम सांगतो. हाही लढाईवरून आलेला, रणगाड्यातला. हवाई दलाच्या छबकड्यांवर त्याचा जुना राग, तुम्ही वर निळ्या आभाळात होतात, मी खाली डब्यात भाजत होतो. आणि तोच नोकरी देतो. फ्रेड काय म्हणतो? मला घरं बांधता येत नाहीत, पण शिकायचं कसं ते येतं, जसं पहिलं काम शिकलो तसं. नागरी जगातली फ्रेडच्या हक्काची अशी जी एकमेव नोकरी, ती दुसऱ्या सैनिकानेच दिलेली. दुकानदाराने नाही, बँकेने नाही. इथे काळी चौकट टाकून सिनेमा संपवला असता तर मी आजन्म ऋणी राहिलो असतो. पुढचं लग्न, अंगठी, ते चुंबन, हे माझ्या लेखी जादाच.

चकली

पुढे पेगीला मिठीत घेऊन फ्रेड जे बोलतो ते ऐका की. वर्षं लागतील, पैसे नसतील, धड घर नसेल, राबावं लागेल, लाथा खाव्या लागतील. गोड शेवट म्हणे! आमच्या लग्नात मिस्टरांनी एवढं प्रामाणिक बोलून दाखवलं असतं तर मी आधीच सावध झाले असते.

तारणहार

चकलीताई, असा अर्जदार आला तर मी विनातारण कर्ज दिलं असतं.

एडिसनकर

आणि त्याच चौकटीत पेगी ऐकतेय आणि हसतेय. ते हसणं विश्वासाचं की तिला अजून काही माहीत नाही म्हणून, हे मी ठरवू शकलेले नाही.

मृदगंध

दुसरं. मी सांगते ना.

उंबरकर

मत बदललेलं नाही. :) पण होमरच्या लग्नाला यापुढे गोड म्हणणार नाही. खडकीकरांनी खांद्यांचं लिहिलं ते वाचून अंगठीचा प्रसंग काल परत लावला. अंगठी विल्माच्या बोटात चढवताना तो घाई करत नाही, भटजी, पाहुणे, सगळे त्या वेगाला थांबलेत. कॅमेराही. खांदा आधी हलतो.

खडूस

धागा वाचून सिनेमा लावला. अ‍ॅल मेजवानीत भाषणाला उभा राहिलाय तिथे थांबवून झोपायला चाललोय, बाकीचा उद्या. कृपया तोवर कोणी शेवट सांगू नये.